डेव्हिड क्लार्क एच१०-१३.४ हेडसेट : बायकोला पहिल्यांदा विमानात नेलं तेव्हाचा अनुभव

हेडसेट म्हणजे पायलट कानावर घालतात तो माईकवाला हेडफोन. सेकंडहँड घेतलाय, सतरा हजाराला, हैदराबादच्या एका मुलाकडून. त्याला एअरलाईनची नोकरी लागली म्हणून जुनं सामान काढत होता. माझ्याकडं स्वतःचा हेडसेट आहेच, हा घेतला तो बायकोसाठी. दोन महिने वापरून झाले, जमिनीवर जास्त आणि आकाशात एकदाच, पण ते एकदाच इतकं महत्त्वाचं होतं की सविस्तर लिहावंसं वाटलं. नवीन लायसन मिळालेले आणि घरी बायको किंवा नवरा विमानाला घाबरतोय असे बरेच जण असणार, त्यांना उपयोग होईल.

आधी आमचं सांगतो. मी सोलापूरचा, होटगी रोडला राहतो, वय एक्केचाळीस. लहानपणापासून विमानाचं वेड, पण जमलं ते आता, धंदा जरा स्थिर झाल्यावर. प्रायव्हेट पायलट लायसनला कमीत कमी ४० तास उडावं लागतं, मला त्याहून बरेच जास्त लागले, कारण इथून फ्लाइंग क्लब गाडीने तीन तासांवर, महिन्यातून दोन-तीनदाच जायला मिळायचं. यंदा लायसन हातात आलं. आणि पहिल्या दिवसापासून मनात एकच होतं, की शेजारच्या सीटवर ही बसली पाहिजे. ही म्हणजे माझी बायको, जिने या वेडापायी चार वर्षं सुट्टीचे रविवार एकटीने काढले.

पण तिला विमानाची भीती. साधीसुधी नाही, मनापासून भीती. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली तेव्हा आख्खं सोलापूर मोबाईलवर तो व्हिडिओ बघत होतं, मी खुश, आणि ही म्हणाली आता विमानं आपल्या घरावरून जाणार होय? मग ९ जून २०२५ ला सोलापूर-गोवा विमान सुरू झालं, आमच्या नात्यातले दोघं-तिघं हौसेने जाऊनसुद्धा आले, हिला म्हटलं चल की, तर म्हणाली तुम्ही जावा, मी रेल्वेने येते. तेव्हा आमचं छोटं चार सीटचं सेसना १७२ म्हणजे तर तिच्या दृष्टीनं पंख लावलेली रिक्षाच.

तरी नोव्हेंबरमध्ये कशीबशी तयार झाली. तिथं जी चूक झाली ती लिहिणं गरजेचं आहे, कारण हा हेडसेट घेण्याचं कारण तेच. क्लबमध्ये पाहुण्यांसाठी एक जुना हेडसेट ठेवलेला असतो, कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, त्याच्या कानाच्या गाद्या कडक होऊन चिरलेल्या आणि माईकची वायर हलली की खरखर. मी विचार केला अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे, चालतंय. इंजिन सुरू केलं, टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत रनवेकडं निघालो, मी बोलतोय तिला ऐकू येईना, ती बोलतीय मला ऐकू येईना, नुसता आवाज. छोट्या विमानाच्या केबिनमध्ये ९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, सवय नसलेल्या माणसाला तो छातीत बसतो. रनवेच्या अलीकडं थांबून मी मॅग्नेटो चेक केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्कप्लग आणि त्यांना करंट देणारे दोन वेगवेगळे मॅग्नेटो असतात, एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालतं, आणि बॅटरी गेली तरी दोन्हीला फरक पडत नाही. उडायच्या आधी १८०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर ठेवून, एकेक बंद करून बघायचा असतो, तेव्हा आरपीएम शंभरेकनं पडतो आणि आवाज बदलतो. मला ते इतकं अंगवळणी पडलंय की मी काही न सांगता चावी फिरवली. आवाज पडला आणि हिने माझा दंड असा धरला की नखं रुतली. बघितलं तर डोळ्यात पाणी. मी काहीही न विचारता विमान वळवून परत आणून लावलं. परतीच्या प्रवासात टेंभुर्णीपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

मोहोळच्या आसपास तिने स्वतःच सांगितलं. तिचं माहेर सोलापुरातच पूर्व भागात, घरात तेलुगू बोलणारं विणकरांचं घर, वडिलांचा टॉवेलचा छोटा कारखाना, घराच्या मागच्या भिंतीपलीकडं माग. ती म्हणाली, लहानपणापासून मागाच्या आवाजात झोपलीय मी, आवाजाची मला भीती नाही वाटत, पण चालत्या मागाचा मधीच आवाज बदलला की काहीतरी तुटलंय, धागा नाहीतर धोटा नाहीतर कुणाचं बोट, आणि आवाज बदलला की अण्णा ताटावरून उठून पळायचे. तुमचं इंजिन तसं बदललं आणि तुम्ही काय बोललाच नाही.

लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि मी समजत होतो तिला उंचीची भीती आहे.

त्या रात्रीच ठरवलं, पुढच्या वेळी प्रत्येक आवाज बदलायच्या आधी तिच्या कानात माझं बोलणं गेलं पाहिजे, आणि त्याला चांगला हेडसेट पाहिजे. बाकी सगळं नंतर.

आता वस्तूबद्दल. हे मॉडेल जुनं आणि नावाजलेलं, हिरव्या कपांचं, जगभरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये दिसतं. नावातलं १३.४ म्हणजे औंसमधलं वजन, आपल्या हिशोबात ३८० ग्रॅम. बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक नॉइज कॅन्सलिंग नाही, कान नुसते नीट झाकून आवाज अडवतो, त्याला पॅसिव्ह म्हणतात, आणि आवाज कमी करण्याचं रेटिंग २३ डेसिबलचं आहे. कानाला जेलच्या गाद्या. माझा सेकंडहँड असल्यामुळं मी गाद्या, डोक्यावरची पॅड आणि माईकवरचा स्पंज तिन्ही नवीन मागवून बदलले, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा फारसा लागला नाही. कंपनी अमेरिकेतली, १९३५ ची, आणि मला हे वाचून फार भारी वाटलं की त्यांची सुरुवात विणलेल्या कपड्यांपासून झाली, मग दुसऱ्या महायुद्धात पायलटचे जी-सूट (जोरात वळताना शरीरावर येणारा ताण सोसायला मदत करणारे) केले, आणि १९६५ मध्ये जेमिनी ४ या अमेरिकन यानातून एड व्हाइट अंतराळात बाहेर तरंगला तेव्हा त्याच्या अंगावरचा सूटसुद्धा यांचाच. सासऱ्यांना हे सांगितलं तर ते सूट कसा विणला असेल यावरच अर्धा तास बोलत राहिले.

पॅसिव्ह हेडसेटचा एक फायदा म्हणजे कुठं न जोडतासुद्धा तो काम करतो, म्हणून सराव घरी करता आला. पहिल्या दिवशी तिने तो घालून मिक्सरवर शेंगाचटणी वाटली. दुसऱ्या आठवड्यात आम्ही तो माहेरी घेऊन गेलो आणि ती सरळ कारखान्यात मागाच्या मधे जाऊन उभी राहिली. मला दारातून दिसत होतं, आधी कपाळावर आठ्या, मग हळूहळू खांदे खाली आले, मग तिने एक कप कानावरून उचलला, परत ठेवला, परत उचलला. बाहेर येऊन म्हणाली, माग लांब गेले, शेजारच्या गल्लीत गेल्यासारखे, पण कुठला माग चालू नाही ते अजून कळतंय मला. तिला तेच पाहिजे होतं. आवाज पूर्ण गेला असता तर तिची भीती वाढली असती असं मला आता पक्कं वाटतं.

घरच्या सरावात काही गोष्टी कळल्या त्या ऐन वेळी कळल्या असत्या तर पंचाईत होती. कानातले काढायचेच, अगदी छोट्या कुड्या असल्या तरी, कपाच्या दाबानं पंधरा-वीस मिनिटांत कान दुखायला लागतो. आंबाडा वर बांधला तर पट्टी मागं सरकते, म्हणून वेणी किंवा खाली बांधलेले केस. चष्म्याची काडी जाड असेल तर गादी आणि कान यात फट पडते आणि तिथून आवाज शिरतो, हिचा जुना बारीक काडीचा चष्मा शोधून काढला. आणि सगळ्यात महत्त्वाचं माईक. माईक ओठाच्या इतका जवळ पाहिजे की मधे ज्वारीचा दाणा कसाबसा मावेल. नवीन माणूस तो हनुवटीजवळ ठेवतो, मग काही ऐकू येत नाही आणि सगळे हेडसेटला नावं ठेवतात. जोडायला दोन जॅक असतात, जाड ऐकण्याचा, बारीक बोलण्याचा, दोन्ही शेवटपर्यंत दाबून बसवायचे, अर्धवट बसलेल्या जॅकनं निम्म्या तक्रारी होतात.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत गेलो. या वेळी आदल्या दिवशी दुपारीच पोचलो, मुक्काम केला. संध्याकाळी इंजिन बंद असलेल्या विमानात तिला तासभर नुसतं बसवलं, दार कसं उघडतं, पट्टा कसा सुटतो, अग्निशामक कुठं आहे, सगळं तिच्या हातानं करायला लावलं. तिने एकच प्रश्न विचारला, इंजिन बंद पडलं तर? मी खरं ते सांगितलं. हे विमान दगडासारखं पडत नाही, घसरत जातं, वारा नसेल तर एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढं जातं, म्हणजे अडीच हजार फुटावरून जवळजवळ सात किलोमीटर, आणि खाली सगळी सपाट शेतं, आणि हे मी इन्स्ट्रक्टरबरोबर कित्येकदा केलंय. ती म्हणाली कुठलं शेत? मी म्हटलं उद्या वर गेल्यावर तूच दाखव. हे सहज बोलून गेलो पण त्याचा पुढं फार उपयोग झाला.

सकाळी सातची वेळ मुद्दाम घेतली, ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवा वर येते आणि विमान उसळतं, पहिल्यांदा बसणाऱ्याला ते नको. रिकाम्या पोटी न्यायचं नाही, भरल्या पोटीपण नाही, तिने अर्धी वाटी उपमा खाल्ला. गाळप हंगाम चालू होता, लांबच्या साखर कारखान्याचा धूर सरळ काठीसारखा वर चाललेला, म्हणजे वारा नाही. तिला तो दाखवला तर म्हणाली, चिमणीचा तुम्हाला उपयोग पण होतो म्हणजे!

इंजिन सुरू. "ऐकू येतंय?" "होय की, एकदम कानात." तिथंच अर्धी लढाई जिंकली असं मला वाटलं. मग प्रत्येक गोष्ट आधी सांगत गेलो. आता आवाज दोनदा थोडा पडेल, मी मुद्दाम करणार आहे. पडला. मी म्हटलं हा एक. परत पडला. हा दोन, झालं. तिचे हात मांडीवरच होते. आता आवाज वाढेल आणि पाठ सीटला टेकेल. ५५ नॉटला, म्हणजे ताशी शंभरेक किलोमीटरला, मी स्टिअरिंग हलकेच ओढलं आणि जमीन सुटली.

वर गेल्यावर तिसरा धोका होता आणि माझ्या मते सगळ्यात मोठा, बरेच नवीन पायलट तिथंच चुकतात. चढताना इंजिन पूर्ण जोरात असतं, ठरलेल्या उंचीवर पोचलो की नाक खाली घेऊन पॉवर कमी करतो, आवाज एकदम उतरतो. मागाच्या आवाजात वाढलेल्या लेकीला तो आवाज कसा ऐकू येईल ते आता मला माहीत होतं. म्हणून पाचशे फूट आधीच सांगितलं, आता चढ संपणार, गाडी घाट चढून सपाटीला लागते तसं इंजिन शांत होईल. आणि तिने स्वतः मोजलं, पाच, चार, तीन. मी तिच्या आकड्यावर पॉवर कमी केली.

इथं इंटरकॉमची, म्हणजे दोन हेडसेटमध्ये आपसात बोलायच्या सोयीची, एक गंमत सांगायलाच पाहिजे. कुणी बोललं की माईक आपोआप उघडतो, पण उघडेपर्यंत पहिलं अक्षर कापलं जातं. ती मला हाक मारते "अहो", आणि मला ऐकू येतं "हो". मी विचारलं बरं वाटतंय ना, तेवढ्यात "हो", मी खुश, परत "हो", परत "हो", जरा जोरात. मान वळवून बघितलं तर ती हाका मारतीय आणि बोटानं खाली दाखवतीय. उजनी. पंख वर असल्यामुळं १७२ मधून खालचं सगळं दिसतं, आणि सकाळच्या उन्हात ते पाणी पितळेच्या परातीसारखं चमकत होतं, भीमेचा फुगवटा आडवातिडवा पसरलेला. पक्ष्यांचे दिवस असल्यामुळं मी उंची राखून बाजूनेच चाललो होतो. ती बराच वेळ बघत राहिली, आणि मग म्हणाली, आपल्या नळाला चार-पाच दिवसाआड येतं ते हेच का ओ? हेच, म्हटलं, शंभर किलोमीटरवरून पाइपने. "एवढं सगळं पाणी, आणि मी पहाटे उठून हंडे भरते." बोलली रागाने, पण त्या क्षणी ती विमानात बसलीय हे विसरली होती. माझ्यासाठी आख्ख्या चार वर्षांतलं सगळ्यात मोठं वाक्य ते.

नंतर तिने शेतं दाखवायला सुरुवात केली. ते चालेल, तिथं ऊस आहे, त्याच्या पलीकडचं काढलेलं आहे ते बघा, मधून तार गेलीय म्हणून नको. तिची निवड चांगली होती, तार तर माझ्या आधी तिने बघितली. घाबरलेल्या माणसाला काम द्यावं असं इन्स्ट्रक्टर सांगायचे ते पटलं.

वळताना मी विमान १५ अंशापेक्षा जास्त कलवलं नाही. वीस मिनिटांनी परत निघालो, ती म्हणाली इतक्यात? मी तरी वळलोच. अजून पाहिजे असं वाटतंय तेव्हाच खाली उतरवायचं हे मी आधीच ठरवलं होतं.

उतरताना सेसनात एक भोंगा वाजतो. डाव्या पंखाच्या कडेला छोटं भोक असतं, वेग खूप कमी झाला की त्यातून हवा ओढली जाऊन पिपाणीसारखा आवाज येतो, विमान उचलून धरण्याएवढा वेग आता संपत आलाय असा इशारा. चाकं टेकायच्या जरा आधी तो वाजणं चांगलं लक्षण, पण न सांगता वाजला तर शेजारचा माणूस उडी मारेल. मी सांगून ठेवलं होतं, जत्रेतली पिपाणी वाजली की आपण पोचलो. वाजली, आणि तिच्या कानातून माझ्या कानात आलं, "वाजली." मग चाकं टेकली. लँडिंग माझं जरा डावीकडं सरकलं होतं, तिला कळलं नाही.

आता घ्यावा का? माझं मत, पाहुण्यासाठी हाच घ्यावा. मित्राचा बोस ए२०, इलेक्ट्रॉनिक नॉइज कॅन्सलिंगवाला, तो पण तिने जमिनीवर इंजिन चालू असताना घालून बघितला, २०१० चं मॉडेल, आता त्याच्या पुढचा ए३० २०२३ पासून आलाय. फार उत्तम चीज आहे, इंजिनाची घरघर जादू केल्यासारखी जाते, वजन हलकं, आणि लांब लांब उडणाऱ्यानं पैसे असतील तर तोच घ्यावा. पण बॅटरीवर चालतो, किंमत कितीतरी जास्त, आणि हिला त्यात इंजिन फारच लांब गेल्यासारखं वाटलं. ज्याला भीती नुसत्या गोंगाटाची आहे त्याला तो आवडेल, हिच्यासारखं कान लावून बसणाऱ्याला हा हिरवा बरा. वजन डोक्यावर जाणवतं हे खरं, तासाच्या आतल्या फेरीला चालतंय, सुरुवातीला पट्टी ताणून मापात बसवून घ्यायची.

सेकंडहँड घेताना जॅक बघून घ्या, हेलिकॉप्टरच्या हेडसेटला एकच जॅक असतो, तो आपल्या विमानात बसत नाही, मला आधी एकानं तसलाच दाखवला होता. वायर दोन्ही टोकाला वाकवून बघा, आणि शक्यतो एखाद्या विमानात लावून बोलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, झाली की परत जायचंय, आणि या वेळी सासरे येतो म्हणतायत. चाळीस वर्षं मागावर काढल्यामुळं त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं आवाज चांगला वाढवता येईल असा अजून एक शोधतोय. कुणाकडं हाच हेडसेट पडून असेल, सोलापूर किंवा पुण्यात, तर सांगा, गाद्या खराब असल्या तरी चालेल, मी बदलून घेतो.